वैमानिकाचा परवाना: परदेशात नक्की काय वाचतं?

बंगळुरूत बारावी सायन्स झालेल्या मुलाने किंवा मुलीने पायलट व्हायचं मनावर घेतलं की महिन्याभरात घरात चार देशांची माहितीपत्रकं येऊन पडतात. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, फिलिपिन्स. सगळ्यांचं सांगणं एकच: भारतापेक्षा कमी पैशांत आणि निम्म्या वेळात कमर्शियल पायलट लायसन्स. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरहून येऊन इथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही हा हिशेब मांडला जातो आणि बहुतेकदा तो फ्लॅट किंवा गावाकडची जमीन तारण ठेवण्यापाशी येऊन थांबतो. एवढं पणाला लागत असेल, तर या दाव्याचे दोन भाग सुटे करून पाहायला हवेत. वेळेचा भाग बराचसा खरा आहे. पैशाचा भाग पंधरा वर्षांपूर्वी खरा होता. आज तो तितकासा खरा उरलेला नाही.

परवान्यासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मुख्य अट २०० तासांच्या उड्डाणाची आहे. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले. त्यात क्रॉस-कंट्रीचे किमान २० तास, त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं. उपकरणांवर विसंबून केलेलं उड्डाण १० तास, रात्रीचं ५ तास. शिवाय एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर, प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना वेगळा. एअरलाइनमध्ये जायचं तर मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवंच. म्हणून बहुतेक शाळा १८५ तास एका इंजिनाच्या आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर असं पॅकेज देतात. भारतात या सगळ्याला साधारणपणे ४५ ते ६५ लाख रुपये लागतात.

आता परदेशातला तास. अमेरिकेत सेसना १७२ इंधनासकट दीडशे ते दोनशे डॉलरला तासभर मिळतं, शिक्षकाचे पन्नास ते सत्तर डॉलर वेगळे. डॉलर ९० रुपयांचा धरला तर शिक्षकासह तास १८ ते २४ हजारांना पडतो. भारतातल्या शाळांचा तासाचा दर याच पट्ट्यात आहे, कधी थोडा खालीही. २०११ च्या सुरुवातीला डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. ६० हजार डॉलरचा अभ्यासक्रम २७ लाखांत बसायचा. २०२२ मध्ये डॉलरने ८० ओलांडले, तेव्हा तेच ४८ लाख झाले. डिसेंबर २०२५ मध्ये रुपया ९० च्या पार घसरला आणि आकडा ५४ लाखांवर गेला. यात शाळेने दरवाढ केलेली धरलेलीच नाही. नुसता रुपया खाली आला. राहणं-खाणं, विमा, व्हिसा, तिकिटं आणि परतल्यावरचा खर्च यावर चढतो. म्हणजे ‘परदेशात स्वस्त’ हे वाक्य आता डॉलरच्या देशांपुरतं तरी मोडीत निघालं आहे. दक्षिण आफ्रिकेत अजून काही लाख वाचू शकतात, कारण रँड डॉलरसारखा वर गेलेला नाही.

मग मुलं जातात कशाला? कारण तिथे विमान हवेत असतं. ॲरिझोनात, फ्लोरिडात, टेक्सासमध्ये नीट चालणाऱ्या शाळेत बारा ते पंधरा महिन्यांत तास पूर्ण होतात. भारतात त्याच २०० तासांना दोन वर्षं सहज लागतात आणि तीन लागलेली मुलंही भेटतात. मान्सूनचे महिने ढग खाली उतरले की शिकाऊ विमान जमिनीवर. विमानं कमी, विद्यार्थी जास्त. एक इंजिन ओव्हरहॉलला गेलं की दहा-बारा मुलांची पाळी पुढे सरकते. शिक्षकही बहुतेक तरुण असतात आणि एअरलाइनचं पत्र आलं की निघून जातात. इंधनाचंही तसंच. छोट्या विमानांना लागणारं एव्हिएशन गॅसोलीन आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो. इंडियन ऑइलने ते देशात बनवून बाजारात आणलं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये.

बंगळुरूकरांना हे समजायला लांब जायला नको. येलहंक्याजवळचं जक्कूर बघावं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच इथे सरकारी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल उभं राहिलं, म्हैसूर संस्थानच्या उत्साहातून. तेव्हा ते गावाबाहेर होतं. आज एका बाजूला येलहंका हवाई दलाचा तळ, दुसऱ्या बाजूला २००८ साली सुरू झालेला केंपेगौडा विमानतळ, दक्षिणेला एचएएलचा जुना विमानतळ. या तिघांच्या मधल्या हवेत शिकाऊ मुलांनी फिरायचं. विमानतळाकडे जाणारा उन्नत मार्ग बांधला तेव्हा धावपट्टीच्या तोंडाशीच अडचण झाली आणि शाळेचं उड्डाण मधली काही वर्षं ठप्प होतं. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत येलहंक्याला एरो इंडिया भरतं, तेव्हाही आसपासची हवा इतरांना बंद असते. ज्या शहराला देशाची विमान-राजधानी म्हणतात, त्या शहरातल्या मुलाला परवडणाऱ्या फीमध्ये शिकवणारी सरकारी शाळा अशी घुसमटत राहावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाईट वाटण्याला आणखी एक कारण आहे. परदेशातून शिकून येण्याची आणि देशातच वैमानिक घडवण्याची गोष्ट या शहरात एका मराठी माणसाने एकत्र आणून दाखवली होती. डॉ. विष्णू माधव घाटगे मूळ कोल्हापूर भागातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, परत येऊन भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलं आणि मग हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आरेखनाची धुरा घेतली. त्यांच्या हाताखाली तयार झालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरूच्या आकाशात उडालं. भारतात आरेखन होऊन बनलेलं ते पहिलं शिकाऊ विमान. १९५८ मध्ये पुष्पक आलं, दोन आसनांचं, हलकं, खास फ्लाइंग क्लबांसाठी. दीडशेच्या वर पुष्पक बनली आणि देशभरच्या क्लबांत गेली. क्लबांना तेव्हा सरकारी अनुदानही मिळे. विमान देशी, सुटे भाग देशी आणि सरकारचा हात पाठीवर, म्हणून मध्यमवर्गीय मुलगा क्लबात जाऊन उडायला शिकू शकत होता.

ती साखळी आपण तुटू दिली. आज भारतातल्या शाळांत सेसना, पायपर, डायमंड आणि टेकनाम दिसतात. विमान डॉलर-युरोत, सुटा भागही तसाच. म्हणजे इथे शिकणारा विद्यार्थीही घसरत्या रुपयाची किंमत मोजतोच, फक्त ती शाळेच्या फीमध्ये झाकलेली असते. बंगळुरूच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हंसा हे शिकाऊ विमान बनवलं. त्याच्या नव्या हंसा-एनजीचं पहिलं उड्डाण ३ सप्टेंबर २०२१ ला झालं. प्रयोगशाळेतून कारखान्यात आणि कारखान्यातून शाळेच्या हँगरमध्ये ते किती लवकर पोचतं, यावर पुढच्या पिढीचा तासाचा दर बराच अवलंबून राहील.

परदेशात महिने वाचतात ते टिकवायचे कसे, हा खरा कळीचा भाग आहे आणि इथेच सर्वांत जास्त पैसे बुडतात. परदेशी परवाना भारतात आपोआप चालत नाही. तो डीजीसीएकडून भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. याला सगळे ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. त्यासाठी परदेशी परवानाधारकाला नेव्हिगेशन आणि हवामानाचा एकत्रित पेपर आणि एअर रेग्युलेशन्सचा पेपर द्यावा लागतो, आरटीआर लागतं, क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या देशाने परवाना दिला त्या देशाकडून पडताळणीचं पत्र यावं लागतं. अडचण ही, की उड्डाणाच्या काही अटींना सहा महिन्यांची मुदत आहे. शेवटच्या सहा महिन्यांत स्वतःच्या जबाबदारीवर १५ तास उड्डाण झालेलं असावं लागतं, रात्रीच्या दहा उड्डाण-अवतरणांनाही तीच मुदत. मुलगा तास पूर्ण करून येतो, मग पेपरला बसतो, एकात अडकतो, पुढची परीक्षा काही महिन्यांनी, तोवर मुदत संपते. मग भारतातल्या शाळेत पुन्हा तास विकत घ्यायचे, तेही पाळी लावून. परदेशात वाचवलेलं वर्ष इथे घरी बसून जातं आणि वरती चार-सहा लाख रुपये.

यावर उपाय साधा आहे आणि जुनेजाणते शिक्षक तो सांगत आले आहेत: सगळे पेपर आणि आरटीआर जाण्याआधी करा. सहा ते दहा महिने बंगळुरूतच बसून अभ्यास केला तर खर्च काही लाखांचा, आणि या विषयात आपला जीव रमतो का हेही कळतं. बऱ्याच घरांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातली सर्वांत मोठी बचत इथेच आहे.

त्याहूनही आधी वैद्यकीय तपासणी. क्लास टू आणि मग क्लास वन. बंगळुरूतली हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन ही देशातल्या मोजक्या क्लास वन केंद्रांपैकी एक. मुंबई-पुण्याची मुलंही तपासणीला इथे येतात. रंगांधत्व, हृदयाचा आलेख, कान, रक्तातली साखर असे प्रश्न इथेच कळतात. शाळेला पहिला हप्ता देऊन झाल्यावर ‘अनफिट’ शेरा मिळालेली घरं आहेत. तपासणीचा खर्च प्रशिक्षणाच्या मानाने नगण्य असतो. हा क्रम उलटा होताच कामा नये.

तासांच्या नोंदीचा फरक फार कमी लोक समजावून सांगतात. अमेरिकेत साध्या मार्गाने कमर्शियल परवान्याला २५० तास लागतात, तर पार्ट १४१ मान्यता असलेल्या शाळेत १९०. म्हणजे तिथे परवाना हातात पडला तरी भारताच्या २०० ला दहा तास कमी. तिथल्या नियमांत शिक्षक शेजारी असतानाही, विमानाचं नियंत्रण ज्याच्या हातात असेल त्या परवानाधारकाला ते तास काही प्रसंगी पायलट-इन-कमांड म्हणून लिहिता येतात. भारतात ते चालत नाही. इथे शिक्षकाबरोबरचा तास तो शिक्षकाबरोबरचाच. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला क्रॉस-कंट्रीचे ५० तास स्वतःच्या जबाबदारीवर लागतात, तेही आपल्या मोजमापाने. लॉगबुक पहिल्या दिवसापासून डीजीसीएच्या रकान्यांनुसार भरलं नाही, तर शेवटी पंधरा-वीस तासांचं भगदाड सापडतं. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले, फ्लाइंग क्लबांतल्या खोट्या तासांच्या नोंदीही तेव्हा बाहेर आल्या. तेव्हापासून लॉगबुकची छाननी कडक झाली आहे आणि व्हायलाच हवी. त्या विमानात आपणच बसणार आहोत.

पैसे कसे भरायचे याचा एक नियम जगभर सारखा आहे: एकरकमी कधीही देऊ नये. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही शाळा फेब्रुवारी २००८ मध्ये एका दिवसात बंद पडली. हजारो विद्यार्थ्यांनी पूर्ण फी कर्ज काढून आधीच भरलेली होती. स्कॉटलंडमध्ये डंडीची टेसाइड एव्हिएशन ही जुनी शाळा एप्रिल २०२३ मध्ये बुडाली. शाळेचं नाव जुनं असणं ही हमी नव्हे. उडाल तसे पैसे, फार तर टप्प्याटप्प्याने, आणि शाळा सोडायची वेळ आली तर किती परत मिळतील ते करारात लिहून. एजंटाला नव्हे, थेट शाळेच्या खात्यात. परदेशी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला १० लाखांच्या पुढे टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा होणारा कर, कापला जातो. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर एप्रिल २०२५ पासून ही कपात नाही. हे बँकेत विचारून घ्यावं.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, आणि खर्चही संपत नाही. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाचं टाइप रेटिंग अनेकदा स्वतःच्या खिशातून करावं लागतं. त्याला साधारण १५ ते २५ लाख. एअरलाइनच्या कॅडेट कार्यक्रमात परवाना आणि टाइप रेटिंग एकत्र मिळतं, नोकरीची शक्यताही जास्त, पण खर्च एक कोटीच्या पुढे जातो. त्यातले बरेच कार्यक्रम स्वतःच विद्यार्थ्यांना परदेशी शाळांत पाठवतात, म्हणजे कंपन्यांनाही महिन्यांची किंमत कळलेली आहे. ८० लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला एक लाख पाच हजारांच्या वर जातो. नव्या फर्स्ट ऑफिसरच्या पगारातून तो निघू शकतो. नोकरी नसेल तर बापाच्या पेन्शनमधून निघत नाही.

महिने वाचण्याला किंमत असते ती भरती चालू असेल तेव्हाच. एअरलाइनमध्ये ज्येष्ठतेची यादी असते. वर्षभर आधी लागलेला वर्षभर आधी कॅप्टन होतो आणि पुढची तीस वर्षं पुढेच राहतो. म्हणून २०२३ मध्ये, एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली त्या वर्षी, लवकर परतलेल्यांचं फावलं. त्या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ कमर्शियल परवाने दिले. पण याच शहरातली, २००५ मध्ये सुरू झालेली किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि २०० तासांची मुलं मागे ढकलली गेली. त्या काळात घाईने आणलेला परवाना कपाटात पडून राहिला आणि त्याचं नूतनीकरण करायलाच पैसे लागत गेले.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, बंगळुरू विमानतळावर लोक दिवसदिवस अडकले. तेव्हापासून ‘वैमानिकांचा तुटवडा’ हा शब्द पुन्हा प्रवेशाच्या जाहिरातींत आला आहे. पालकांनी इथे थांबून विचार करावा. कंपन्यांना सगळ्यांत जास्त कमी पडतात ते कॅप्टन, आणि कॅप्टन शाळेतून बाहेर पडत नाहीत. ते हजारो तास उडाल्यावर होतात.

देशात काही बदलतं आहे का? बदलतंय, आणि बरंचसं मराठी मुलखात. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा, जे. आर. डी. टाटांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये देशातला पहिला परवाना घेतला तो याच क्लबच्या काळात. आता त्याचं उड्डाण धुळ्याहून चालतं. बारामती, शिरपूर, गोंदियाजवळचं बिरसी ही नावं या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. विमानतळ प्राधिकरणाने शाळांची रॉयल्टी माफ करून २०२१ मध्ये पाच विमानतळांवर नव्या शाळांना जागा दिल्या, त्यात बेळगाव, जळगाव आणि कलबुर्गी आहेत. पुढच्या वर्षी हुबळीही आली. म्हणजे बंगळुरूच्या मराठी विद्यार्थ्याला आजोळच्या गावाजवळ शिकता येईल अशी सोय निदान कागदावर झाली. नव्या जागांबरोबर काळजीही आहे: ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच शाळेची दोन विमानं चार दिवसांत पडली आणि डीजीसीएला तिचं प्रशिक्षण थांबवावं लागलं. एअर इंडिया अमरावतीला बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा उभारते आहे. तिच्यासाठी पायपर आणि डायमंडची मिळून ३४ विमानं मागवली आहेत. ओबीसी, भटक्या विमुक्त प्रवर्गांतल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च उचलला. जक्कूर धडधाकट झालं तर कर्नाटकालाही हे करता येईल.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डीजीसीएने पहिल्यांदा उड्डाण-शाळांची श्रेणीवार यादी काढली. वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही, ही निदान प्रामाणिक सुरुवात आहे. पण ए किंवा बी या अक्षरावरून पालकाला कर्जाचा हप्ता मांडता येत नाही. त्याला हवेत दोन आकडे: या शाळेत गेल्या वर्षी प्रवेशापासून २०० तास पूर्ण व्हायला विद्यार्थ्याला सरासरी किती महिने लागले, आणि उडण्याच्या स्थितीतल्या एका विमानामागे किती विद्यार्थी होते. दोन्ही आकडे प्रत्येक शाळेच्या नोंदीत असतात. डीजीसीएने ते दर तीन महिन्यांनी शाळेच्या नावासह प्रसिद्ध करावेत, आणि भारतीय विद्यार्थी पाठवणाऱ्या परदेशी शाळांच्या बाबतीत कन्व्हर्जनला आलेल्या अर्जांवरून तसाच तक्ता द्यावा.